एक सेक्टर वाचायचा म्हणजे

इंटरप्ट १३ हेक्स ही जुन्या पीसीच्या बायोसमधली, म्हणजे मशीनच्या रॉममध्ये कायम असलेल्या मूळ प्रोग्राममधली, डिस्कची सेवा. तिच्याकडे मागणी फार थोडक्यात करायची असते. प्रोसेसरच्या रजिस्टर म्हणवणाऱ्या छोट्या कप्प्यांत आकडे भरायचे: एएचमध्ये कामाचा क्रमांक, एएलमध्ये किती सेक्टर हवेत तो आकडा, सीएच, सीएल आणि डीएचमध्ये डिस्कवरची जागा, डीएलमध्ये कुठली डिस्क, आणि ईएस:बीएक्समध्ये मेमरीतला पत्ता, जिथे वाचलेला मजकूर आणून टाकायचा. एवढं भरून इंटरप्ट द्यायचा. काम झालं तर कॅरी फ्लॅग (प्रोसेसरमधली एका बिटाची खूण) शून्य, फसलं तर एक आणि एएचमध्ये चुकीचा कोड. फाइलचं नाव नाही, डिरेक्टरी नाही, तारीख नाही. ५१२ बाइटचा एक तुकडा मागायचा आणि तो मिळाला की नाही ते पाहायचं.

या सेवेकडे मी वळलो तो गरजेपोटी. जुन्या फ्लॉप्यांचा गठ्ठा होता, त्यातल्या बऱ्याच नीट वाचल्या जात नव्हत्या. डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमची कॉपी आज्ञा एखाद्या खराब सेक्टरपाशी अडायची, ‘अबॉर्ट, रीट्राय, फेल’ विचारायची, आणि फाइलचा पुढचा चांगला भागही हाती लागत नसे. काही फ्लॉप्यांची तर डिरेक्टरीच बिघडलेली होती, म्हणजे डॉसच्या लेखी त्यावर काहीच नव्हतं. माझ्या मते मजकूर तिथे होता. तो काढायचा तर डॉसला बाजूला ठेवून एक पायरी खाली उतरणं भाग होतं.

पायऱ्यांचा हिशेब असा. वर डॉसचा इंटरप्ट २१, जो फाइलच्या भाषेत बोलतो. त्याखाली डॉसचेच २५ आणि २६, जे ड्राइव्हमधले सेक्टर सलग क्रमांकाने देतात-घेतात. त्याखाली बायोसचा १३. आणि त्याच्याही खाली कंट्रोलरची चिप, तिचे पोर्ट. १३ वर उभं राहिलं की फाइल सिस्टीम ही गोष्ट उरत नाही, सिलिंडर, हेड आणि सेक्टर एवढंच उरतं: हेड डिस्कवर किती आत आहे, कुठल्या बाजूचं हेड, आणि त्या वर्तुळातला (म्हणजे ट्रॅकवरचा) कितवा तुकडा. (या लिखाणात आकड्यात अक्षर मिसळलेलं दिसलं किंवा ‘हेक्स’ म्हटलं, तर तो आकडा सोळाच्या पायावरचा समजावा. इंटरप्ट, कामं आणि चुकीचे कोड यांचे क्रमांक, रजिस्टरमध्ये भरायचे आकडे, मेमरीचे पत्ते आणि डिस्कवरचे बाइट हेही तसेच.)

पहिला प्रयोग मी डीबग या डॉसबरोबरच येणाऱ्या छोट्या साधनात केला, आणि ज्याला ही सेवा समजून घ्यायची आहे त्याने तिथूनच सुरुवात करावी असं मला मनापासून वाटतं. कंपायलर नको, लायब्ररी नको. साध्या डॉसमध्ये बूट केलेल्या मशीनवर डीबग उघडलं, ‘ए १००’ दिलं आणि सहा ओळी टाइप केल्या:

मूव्ह एएक्स, ०२०१
मूव्ह बीएक्स, ०२००
मूव्ह सीएक्स, ०००१
मूव्ह डीएक्स, ००८०
इंट १३
इंट ३

एएक्स म्हणजे एएच आणि एएल एकत्र, बाकीचेही तसेच. ०२ म्हणजे वाचन, ०१ म्हणजे एक सेक्टर. मजकूर २०० हेक्सवर उतरवायचा. सिलिंडर ०, सेक्टर १, हेड ०. डीएलमधला ८० म्हणजे पहिली हार्ड डिस्क. तिथे ०० असता तर फ्लॉपी ए. शेवटचा इंट ३ हा थांबा. ‘जी’ दिलं, रजिस्टर्सची यादी पडद्यावर आली आणि फ्लॅगच्या रांगेच्या टोकाला ‘एनसी’ दिसलं, म्हणजे कॅरी नाही. वाचन झालं.

मग ‘डी ३बीई एल ४२’. पार्टिशन टेबल पहिल्या सेक्टरमध्ये १बीई हेक्सपासून सुरू होतं. आपण सेक्टर २०० वर उतरवला, म्हणून ३बीई. डीबग दर ओळ सोळाच्या पटीवरच सुरू करतं, त्यामुळे पहिल्या ओळीत डावीकडे सगळं कोरं आणि उजव्या कडेला दोनच बाइट: ८० ०१. खालच्या ओळीची सुरुवात ०१ ०० ०६. यातला ८० म्हणजे हे पार्टिशन बूट होणारं, ०१ ०१ ०० म्हणजे ते हेड १, सेक्टर १, सिलिंडर ० पासून सुरू होतं, आणि ०६ म्हणजे ३२ एमबीहून मोठं, फॅट १६ या फाइल सिस्टीमचं. त्याच ओळीत थोडं पुढे ३एफ ०० ०० ००, उलट्या क्रमाने वाचायचं, म्हणजे ६३. पार्टिशनच्या आधी ६३ सेक्टर. त्यातला पहिला आपण आत्ताच वाचला, उरलेले ६२ कुणाच्याच हिशेबात नाहीत. बूट सेक्टरचे व्हायरस आणि मोठ्या डिस्क चालवून देणारी छोटी सॉफ्टवेअर्स याच मोकळ्या पट्ट्यात घर करून राहायची. सगळ्यात शेवटी ५५ एए ही सही. मशीन सुरू झाल्यावर बायोस हाच सेक्टर ०००० सेगमेंटमध्ये ७सी०० या पत्त्यावर उतरवतो आणि तिथे उडी मारतो.

सहा ओळींत एवढं दिसतं. त्या दिवसापासून या सेवेबद्दल मला खरी ओढ वाटायला लागली.

पुढचा टप्पा जागा सांगण्याचा, आणि तो मुद्दाम सावकाश करण्यासारखा आहे. सेक्टरची जागा तीन आकड्यांत सांगायची. हेड सरळ डीएचमध्ये. सेक्टरला मात्र सीएलचे खालचे ६ बिट मिळतात, आणि सिलिंडरला १०. त्या दहांपैकी खालचे ८ सीएचमध्ये आणि वरचे २ सीएलच्या डोक्यावर. समजा सिलिंडर ३००, सेक्टर ५ हवा. ३०० म्हणजे १२सी हेक्स. २सी गेला सीएचमध्ये. उरलेला १ गेला सीएलच्या वरच्या दोन बिटांत, म्हणजे ४०, त्यात सेक्टरचा ५ मिळवला की ४५. सीएक्समध्ये भरायचं ते २सी४५.

हे असं दुमडून का ठेवलं असावं, याचं उत्तर यंत्रात आहे. १९८१ च्या आयबीएम पीसीत हार्ड डिस्क नव्हती. फ्लॉपीच्या ४० ट्रॅकना सीएचचे ८ बिट भरपूर झाले. १९८३ च्या एक्सटीबरोबर १० एमबीची डिस्क आली: ३०६ सिलिंडर, ४ हेड, १७ सेक्टर. ३०६ हा आकडा ८ बिटांत मावत नाही. सेक्टरच्या रजिस्टरमध्ये जागा शिल्लक होती, दोन बिट तिथे गेले. त्याच एक्सटीत हार्ड डिस्कच्या कार्डावरची रॉम सुरू होताना इंटरप्ट १३ स्वतःकडे घेते आणि फ्लॉपीचा जुना कोड इंटरप्ट ४० हेक्सवर हलवून ठेवते. डीएलचा वरचा बिट पाहायचा आणि काम इकडे द्यायचं की तिकडे ते ठरवायचं, बस. या सेवेतला जो जो नियम मला आधी विचित्र वाटला, त्याच्या मुळाशी गेल्यावर तिथे कुठलं तरी खरं यंत्र सापडलं. सिलिंडर आणि हेड ० पासून मोजायचे पण सेक्टर १ पासून, हेही तसंच. फॉर्मॅट करताना प्रत्येक सेक्टरच्या आधी त्याचा क्रमांक चुंबकीय पृष्ठभागावर खरोखर लिहिला जातो, आणि तो क्रमांक १ पासून सुरू होतो. कंट्रोलर तो क्रमांक शोधत असतो.

फ्लॉपीकडे वळल्यावर सलग क्रमांकाचं सिलिंडर-हेड-सेक्टरमध्ये रूपांतर करणारा छोटासा तुकडा लिहिला. १.४४ एमबीच्या फ्लॉपीवर ८० सिलिंडर, २ बाजू आणि दर ट्रॅकवर १८ सेक्टर, एकूण २८८०. क्रमांकाला १८ ने भागलं की बाकीत १ मिळवून सेक्टर मिळतो; भागाकाराला पुन्हा २ ने भागलं की बाकी म्हणजे हेड, आणि भागाकार म्हणजे सिलिंडर. मूळ डिरेक्टरी १९ व्या क्रमांकावर असते, कारण आधी १ बूट सेक्टर आणि फॅटच्या, म्हणजे कुठली फाइल कुठे आहे त्या तक्त्याच्या, ९-९ सेक्टरच्या दोन प्रती. १९ म्हणजे सिलिंडर ०, हेड १, सेक्टर २. तो वाचून पडद्यावर टाकला, आणि ३२-३२ बाइटच्या नोंदी ओळीने उभ्या राहिल्या. पुसलेल्या फाइलींच्या नावाचं पहिलं अक्षर गेलेलं, त्या जागी ई५, बाकीचं नाव जसंच्या तसं.

पण हे दुसऱ्या वाचनात. पहिलं वाचन फसलं होतं, कॅरी १ आणि एएचमध्ये ०६. हा कोड बिघाडाचा नाही. फ्लॉपी बदलली गेली आहे एवढंच तो कळवतो. ड्राइव्हमधून येणारी एक तार ही खबर देते आणि बायोस ती एकदा आपल्यापर्यंत पोचवतो. पुन्हा मागितलं की मिळतं. यापेक्षा महत्त्वाचा भाग मोटरचा. फ्लॉपीची मोटर सतत फिरत नसते. वाचनाची मागणी आली की ती सुरू होते, आणि मूळ आयबीएम बायोसमध्ये वाचनासाठी मोटर वेगात येईपर्यंत थांबण्याची सोयच नाही. आयबीएमने छापलेल्या बायोसच्या लिस्टिंगमध्येच हे स्पष्ट लिहिलेलं आहे: चूक आली तर रीसेट करून पुन्हा प्रयत्न करा, आणि वाचनासाठी तीन वेळा करा, म्हणजे अडचण मोटर सुरू होण्याची नाही याची खात्री होईल. तीनदा प्रयत्न करणं ही पुष्कळ जणांना ठिगळासारखी गोष्ट वाटते. मला तसं वाटत नाही. तो या सेवेच्या कराराचाच भाग आहे, आणि ज्या प्रोग्राममध्ये तो नाही तो प्रोग्राम अपुरा आहे.

मोटर बंद होण्याचाही हिशेब आहे. मेमरीत ००४०:००४० या पत्त्यावर एक मोजणी ठेवलेली असते. सेकंदाला १८.२ वेळा येणारा टायमर ती एकेकाने उतरवतो आणि शून्यावर आली की मोटर थांबते. नेहमीची सुरुवात ३७ पासून, म्हणजे साधारण २ सेकंद. माझा प्रोग्राम चुकीपाशी थांबून कळ दाबायची वाट पाहायचा, तेवढ्यात मोटर थांबायची, आणि पुढचं वाचन पुन्हा थंड मोटरवर. म्हणून विचारणं काढून टाकलं. चुका यादीत लिहायच्या आणि पुढे जायचं.

आता ज्या कोडने मला सगळ्यात जास्त शिकवलं त्याबद्दल. प्रोग्राम दर ट्रॅक एका दमात वाचायचा, १८ सेक्टर म्हणजे ९२१६ बाइट. चांगल्या फ्लॉपीवर तो व्यवस्थित चालला. मग मी चुकांची यादी ठेवणारा भाग जोडला, आणि त्याच चांगल्या फ्लॉपीवर प्रत्येक ट्रॅकला ०९ यायला लागला. ड्राइव्हचा आवाजही बदललेला होता: वाचनाची ती खरखर येतच नव्हती, म्हणजे डिस्कपर्यंत गोष्ट पोचतच नव्हती. गंमत म्हणजे तोच बफर (वाचलेला मजकूर उतरवायची मेमरीतली जागा) घेऊन हार्ड डिस्कवरून वाचलं तर सगळं सुरळीत.

०९ चा अर्थ डीएमए, म्हणजे प्रोसेसरला वगळून थेट मेमरीत मजकूर टाकण्याची सोय, ६४ केची सीमा ओलांडतो आहे. फ्लॉपीचा मजकूर प्रोसेसर स्वतः उचलत नाही. ८२३७ ही डीएमए चिप तो चॅनेल क्रमांक २ वरून थेट मेमरीत टाकते. या चिपचा पत्ता मोजणारा काउंटर १६ बिटांचा. पीसीच्या मेमरीचा पत्ता २० बिटांचा. वरचे ४ बिट एका वेगळ्या पेज रजिस्टरमध्ये ठेवलेले असतात, आणि काउंटर एफएफएफएफवरून ०००० वर गेला तरी त्याचा हातचा पेज रजिस्टरपर्यंत जात नाही. वहीचं पान भरल्यावर ते उलटलंच नाही आणि लेखणी त्याच पानाच्या माथ्यावर जाऊन आधीच्या ओळींवर लिहायला लागली, तसा प्रकार. हे होऊ नये म्हणून बायोस आधीच हिशेब करतो आणि ०९ देऊन मागणी परत करतो.

कागदावर मांडलं तेव्हा लख्ख दिसलं. सेगमेंटला १६ ने गुणून ऑफसेट मिळवला की खरा पत्ता. बफर १एफ८०:०७८० वर असेल तर तो १एफएफ८०. तिथून ५१२ बाइट म्हणजे २०० हेक्स पुढे गेलं की २०१८०. मध्ये २०००० ची सीमा ओलांडली गेली. एकच सेक्टर मागितला तरी ०९. नवा भाग जोडल्यामुळे माझा बफर मेमरीत सरकला होता आणि नेमका सीमेवर बसला होता. प्रोग्राम न बदलता नुसता एखादा मेमरीत राहणारा ड्रायव्हर वाढवला किंवा काढला तरी हे घडू शकतं, कारण डॉस प्रोग्राम कुठे उतरवेल ते त्यावर ठरतं. आणि हार्ड डिस्कला काही झालं नाही, कारण आयबीएमच्या एटी या पुढच्या मॉडेलच्या पिढीपासून हार्ड डिस्कचा मजकूर प्रोसेसर स्वतः पोर्टवरून वाचून घेतो, डीएमए मध्ये येतच नाही.

उपाय सोपा आहे. हवा त्याच्या दुप्पट बफर घ्यायचा. पहिला अर्धा सीमेवर येत असेल तर दुसरा वापरायचा. सीमा ६४ केच्या अंतरावर असतात, त्यामुळे १८ के एवढ्याशा जागेत दोन सीमा येऊच शकत नाहीत. प्रोग्राम सुरू होतानाच ही निवड करून टाकली आणि ०९ पुन्हा कधी दिसला नाही.

एवढं झाल्यावर खरं काम सुरू झालं. आधी पूर्ण ट्रॅक मागायचा. फसला तर रीसेट, पुन्हा. तरी फसला तर त्या ट्रॅकचे १८ सेक्टर एकेक करून. बहुतेक वेळा त्यातले सोळा-सतरा निमूट निघायचे आणि एखाद-दुसराच हटून बसायचा. हटून बसणाऱ्याचा कोड कुठला, यावर पुढचं सगळं ठरतं. ०४ म्हणजे त्या क्रमांकाचा सेक्टर सापडलाच नाही. ०२ म्हणजे ॲड्रेस मार्क, सेक्टरची सुरुवात दाखवणारी खूणच, दिसला नाही. हे दोन्ही वाईट. १० हेक्स म्हणजे सीआरसी, मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा, जुळला नाही, आणि यात आशा असते.

ही आशा कशात आहे ते सांगतो, कारण मला स्वतःला ते कळल्यावर फार आनंद झाला. फ्लॉपीचा कंट्रोलर सेक्टर वाचताना बाइट येतील तसे डीएमएकडे देत जातो. सीआरसीची पडताळणी सगळ्यात शेवटी, ५१२ बाइट मेमरीत उतरून झाल्यावर. म्हणजे १० कोड येतो तेव्हा मजकूर बफरमध्ये असतो. त्यातला एखादा बाइट चुकला असेल, पण तो तिथे आहे. मी एका अशा सेक्टरचा बफर उघडून पाहिला तेव्हा ओळीच्या ओळी स्वच्छ होत्या, मध्ये एका शब्दात दोन अक्षरं भलतीच. कॅरी फ्लॅग पाहून बफर फेकून दिला असता तर ते पान गेलं असतं.

मग एक पद्धत बसवली. १० देणारा सेक्टर पुन्हा पुन्हा वाचायचा, दर वेळचा बफर वेगळा ठेवायचा, आणि शेवटी प्रत्येक बाइटला ज्या मूल्याची मतं जास्त ते घ्यायचं. वाचनांमध्ये एखाद्या वेळी कॅरी शून्य आला तर प्रश्नच मिटला, तो सेक्टर खरा. नाही आला तर मतांवरचा सेक्टर, आणि यादीत त्याच्यापुढे खूण. बायोस सीआरसीचे ते २ बाइट आपल्या हाती देत नाही, त्यामुळे मतांवरून जुळवलेला सेक्टर बरोबर आहे की नाही हे प्रोग्रामला ठरवता येत नाही. मजकुराच्या फाइलीत डोळ्यांनी कळतं. प्रोग्रामच्या फाइलीत कळत नाही, आणि म्हणून खूण फार जपून ठेवावी लागते.

०४ वर एक युक्ती पुष्कळदा लागू पडली. हेड ज्या बाजूने ट्रॅकवर येतं त्यावरही त्याची नेमकी जागा किंचित ठरते. रीसेट केल्यावर पुढच्या कामाआधी हेड शून्य ट्रॅकपर्यंत जाऊन पुन्हा मोजत येतं, म्हणजे बाहेरून आत. उलट आधी सिलिंडर ७९ वरचा एखादा सेक्टर वाचला आणि मग हव्या ट्रॅकवर आलो, तर आतून बाहेर. जी फ्लॉपी दुसऱ्याच कुठल्या तरी, थोड्या वाकड्या हेडच्या ड्राइव्हवर लिहिली गेली आहे, तिच्याबाबतीत एवढासा फरक पुरतो.

याहून पुढे जायचं तर इंटरप्ट १ई चा व्हेक्टर, म्हणजे एरवी इंटरप्टच्या कोडचा पत्ता ठेवायची जागा. इथे मात्र कोडचा नाही, ११ बाइटच्या तक्त्याचा पत्ता असतो: मोटर किती वेळाने बंद करायची, ट्रॅकवरचा शेवटचा सेक्टर कुठला, हेड ट्रॅकवर आल्यावर स्थिर व्हायला किती मिलिसेकंद द्यायचे, मोटर सुरू झाल्यावर किती थांबायचं. मी तक्त्याची प्रत माझ्या मेमरीत घेतली, हेडचा स्थिरावण्याचा वेळ आणि मोटरची मोजणी वाढवली, व्हेक्टर माझ्या प्रतीकडे वळवला आणि रीसेट दिला. थकलेल्या ड्राइव्हवर फरक जाणवला. बाहेर पडताना व्हेक्टर पूर्ववत करणं मात्र सक्तीचं. कंट्रोल-सीने प्रोग्राम तोडला तरी ते झालं पाहिजे, नाहीतर पुढचा प्रोग्राम नाहीशा झालेल्या तक्त्यावर चालेल. याच तक्त्यात फॉर्मॅट करताना भरायचा बाइटही असतो, एफ६. ज्या सेक्टरमध्ये सगळीकडे एफ६ दिसतो तो फॉर्मॅटनंतर कधीच लिहिला गेलेला नाही. डिरेक्टरी गेलेल्या फ्लॉपीवर मजकूर कुठे असण्याची शक्यता आहे हे यावरून झटकन कळतं.

लिहिण्याबद्दल थोडं. वाचनाचा ०२ आणि लिहिण्याचा ०३, फरक एका आकड्याचा. डीएलमधल्या ०० आणि ८० मध्येही तेवढाच. बायोस काही विचारत नाही, सांगितलं की लिहितो. म्हणून वाचवण्याच्या प्रोग्राममध्ये मी ०३ ठेवलाच नाही. इमेज, म्हणजे फ्लॉपीची सेक्टर-सेक्टरची प्रत, हार्ड डिस्कवर जाते ती डॉसच्या साध्या फाइलमधून. शिवाय प्रत्येक फ्लॉपीची लेखनबंदीची खिडकी उघडी करूनच ती आत. याच इंटरप्टवर स्वतःला बसवून १९८६ चा ब्रेन व्हायरस बूट सेक्टर मागणाऱ्याला खऱ्याऐवजी जपून ठेवलेला मूळ सेक्टर दाखवायचा. जुन्या गठ्ठ्यांत असे पाहुणे अजून असतात, त्यामुळे मशीन ज्या फ्लॉपीवरून बूट करायची ती स्वच्छ असल्याची खात्री आधी करावी.

हार्ड डिस्कच्या बाजूला मी नंतर थोडा गेलो, आणि तिथे गोष्ट बदलते. ०८ हे काम डिस्कची मापं देतं: शेवटचा सिलिंडर, शेवटचं हेड, दर ट्रॅकचे सेक्टर. सिलिंडर आणि हेड शून्यापासून, म्हणून त्यांत १ मिळवायचा. (फ्लॉपीसाठी बोलावलं तर ते ईएस:डीआयमध्ये तक्त्याचा पत्ता देतं, म्हणजे ईएस बदलतो, पुढच्या वाचनाआधी तो पुन्हा भरावा.) माझ्या डिस्कने हेडचा आकडा २५४ दिला, म्हणजे २५५ हेड. त्या डब्यात एवढी हेड मावणंच शक्य नाही. बायोसला १०२४ सिलिंडर चालतात, आयडीई जोडणीच्या डिस्कला १६ हेड आणि दोन्हींना मिळून ६३ सेक्टर. दोघांच्या मर्यादा एकत्र केल्या की ५२८,४८२,३०४ बाइट, तीच ती ५०४ एमबीची भिंत. ती ओलांडायला बायोस हेडचा आकडा फुगवून सिलिंडर कमी दाखवायला लागला. त्यानेही ८.४ जीबीपर्यंतच पोचता येतं. इथे पहिल्यांदा आकड्यांमागे यंत्र नव्हतं, फक्त हिशेब होता.

म्हणून १९९० च्या दशकात आलेली वाढीव कामं मला योग्य वाटतात. ४१ ला बीएक्समध्ये ५५एए देऊन विचारायचं. सोय असेल तर एए५५ परत येतं. मग ४२ ला १६ बाइटचं पाकीट द्यायचं: पाकिटाचा आकार, सेक्टरची संख्या, बफरचा पत्ता आणि ८ बाइटचा सलग क्रमांक. सिलिंडर-हेडची दुमडादुमडी संपली. वापरायला हे सरस आहे. पण शिकायला सुरुवात ०२ नेच करावी.

एक सूचना मात्र आवर्जून. हे सगळं एम्युलेटरवर, म्हणजे जुन्या पीसीची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर, लिहून पाहणं सोयीचं आहे, मीही बरंचसं तसंच केलं. तिथे मोटर लागलीच वेगात असते, हेड हलत नाही, इमेजमध्ये सीआरसी नसतोच. तीन प्रयत्नांचा लूप, रीसेट, १० चा मार्ग, यातला काहीच भाग तिथे चालवला जात नाही. तो तपासायला खरी मशीन, खरा ड्राइव्ह आणि एक खराब फ्लॉपी हवी. तशी एक मी मुद्दाम वेगळी काढून ठेवली आहे; तिच्या कुठल्या ट्रॅकवर कुठला कोड येतो हे मला माहीत आहे, आणि प्रोग्राममध्ये बदल केला की पहिली ती लावतो.

गठ्ठ्यातल्या बहुतेक फ्लॉप्यांच्या इमेज तयार झाल्या. थोड्या राहिल्या आहेत, त्यांच्या काही ट्रॅकवर प्रत्येक सेक्टरला ०४ येतो, तरी ट्रॅक कोरा नाही असं वाटतं. माझा अंदाज आहे की तिथे सेक्टरांचे क्रमांकच वेगळे लिहिलेले आहेत. नक्कल होऊ नये म्हणून काही सॉफ्टवेअरच्या फ्लॉप्या अशा बनवल्या जात. बायोसला क्रमांक सांगावा लागतो, ‘इथे कुठले क्रमांक आहेत’ हे त्याला विचारता येत नाही. कंट्रोलरला ते येतं, सेक्टरची ओळख वाचण्याची आज्ञा त्याच्याकडे आहे. त्यासाठी ३एफ२ वरून मोटर आपण चालवायची, ३एफ४ वर चिप तयार आहे का ते पाहायचं आणि ३एफ५ मधून आज्ञेचे बाइट एकेक द्यायचे. तो तुकडा आता लिहायला घेतला आहे.